दूधगाडीचा पंख

प्रयोगशाळेच्या भिंतीभर पसरलेल्या पडद्यावर चारशे बारा ठिपके होते आणि त्यांतून जाणारी रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती.

"बघा, भोगले साहेब," डॉ. हेमांगी दाबके म्हणाल्या. "हे तुमचं विमान, आरडीके."

अच्युत भोगले यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि रेघेकडे पाहिलं. वय सदुसष्ट. जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त. नोकरीत पुलांचे आणि शाळाखोल्यांचे नकाशे काढले, आणि उरलेला सगळा वेळ सावरगड विमानतळाच्या कुंपणभिंतीशी उभं राहून विमानांचे फोटो. या उद्योगातून काही निघेल असं त्यांच्या घरात कुणालाही कधी वाटलं नव्हतं. आज धातुथकवा संशोधन संस्थेनं त्यांना सन्मानानं बोलावून घेतलं होतं. टेबलावर शाल आणि नारळ मांडून ठेवलेले होते.

"आता इतरांच्या रेघा पाहा." दाबकेबाईंनी बटण दाबलं. पडदा उतरत्या रेघांनी भरून गेला. "कुणाची हळू उतरते, कुणाची भरभर. पण उतरते सगळ्यांचीच. धातू म्हटला की थकवा आला. फक्त तुमचं हे आरडीके. चौदा महिने झाले, केसभर फरक नाही. तुम्ही रोज फोटो पाठवता, पण आम्ही त्याचं काय करतो ते कुणी नीट सांगितलंय का तुम्हाला?"

"पंख मोजता, एवढं माहीत आहे," भोगले म्हणाले.

"कपडे वाळत घालायचा बांबू असतो ना घरात? ओले कपडे टाकले की वाकतो, काढले की सरळ होतो. दहा वर्षांनी तेवढेच कपडे टाका, बोटभर जास्त वाकेल. मोडलेला नसतो, चीरही दिसत नाही, पण आतून थकलेला असतो. विमानाच्या पंखाचं तेच आहे. चाकं धावपट्टीला टेकली की पंखाचं टोक झटक्यानं खाली येतं. किती खाली येतं तो पंखझुकाव. तो रोज, एकाच जागेवरून, त्याच क्षणाला मोजला, तर पंख मोडायच्या वर्षभर आधी आमच्या थकवामापक यंत्राला कळतं."

"मग विमानतळाचेच कॅमेरे का नाही लावले?"

"लावले होते की. पहिल्याच वर्षी एका कंपनीनं नको ती चित्रं गायब केली. तेव्हा ठरलं, साक्षीदार तिसराच हवा. ज्याचा त्या विमानात काडीचा स्वार्थ नाही आणि जो कुणी न सांगता रोज तिथं जातोच. अशी माणसं देशात फक्त तुम्ही भिंतवाले." बाई हसल्या. "आता तुम्ही फोटो पाठवला की त्यावर मोहोर बसते. मग तो कुणालाही काढता येत नाही. कंपनीला नाही, मंत्र्याला नाही, मलाही नाही. यंत्राचा निकाल माणसानं फिरवायचा नाही, हेही त्यातच आलं. त्या कलमासाठी मी दोन वर्षं भांडले आहे."

"आणि एखाद्याचा फोटो चुकला तर?"

"चुकतातच. हात हलतो, कॅमेरा तिरका होतो, उन्हाळ्यात धावपट्टीवरची हवा थरथरते. असे फोटो थकवामापक आपणच बाजूला टाकतो. ज्याची मालिका जितकी एकसारखी, त्याच्यावर यंत्राचा विश्वास तितका जास्त. तुमच्या मालिकेवर जितका आहे तितका देशात कुणावरच नाही."

समोर ठेवलेलं पाणी भोगल्यांनी सगळं पिऊन टाकलं.

"आरडीकेचा पंख दर दोन वर्षांनी उघडून तपासायचा असतो," बाई उत्साहानं सांगत होत्या. "या वर्षीची तपासणी रद्द झाली. शिवाय आणखी वीस हजार वेळा उतरायची मंजुरी दिलीय त्याला. त्याच्या धातूत असं काय आहे ते शोधायला तीन संशोधक बसवलेत मी."

"एकदा उघडून बघितलं असतं तर?"

"कशाला? सगळ्यांत निरोगी माणसाचं पोट फाडून बघायचं का?"

बोलायचं होतं ते याच वेळी. भोगले बोलले नाहीत. शाल खांद्यावर पडली, नारळ हातात आला, टाळ्या वाजल्या, आणि त्यांनी मान लववून त्या घेतल्या. माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला लाज वाटते म्हणतात. पण सत्कार चालू असताना ती जरा उशिरानंच येते. भोगल्यांना ती परतीच्या गाडीत, खंडीभर आली.

त्या सरळ रेघेचं गुपित धातूत नव्हतं. ते भिंतवाल्यांच्या स्वभावात होतं.

भिंतवाल्यांना विमानं आवडतात असं लोक समजतात. ते खरं नाही. त्यांना न पाहिलेली विमानं आवडतात. एखादं परदेशी मालवाहू विमान चुकूनमाकून सावरगडला उतरणार असं कळलं की ही मंडळी लग्न-मुंज सोडून भिंतीशी हजर. एकदा टिपलं की वहीत खूण करायची आणि म्हणायचं, "झालं." झालेल्या विमानाकडे पुन्हा बघायचं नाही. संग्रहात फक्त देखणे फोटो ठेवायचे, बाकीचे त्याच दिवशी पुसून टाकायचे. आणि संध्याकाळी पाच दहाला नागपूरहून येणारं, पाच पंचावन्नला परत जाणारं सत्तर आसनांचं आरडीके तर इतकं रोजचं, की त्याला नावच पडलं होतं दूधगाडी. रोज मरे त्याला कोण रडे! दूधगाडी आली की भिंतवाले कॅमेरे खाली करून भडंग खायचे.

संस्थेनं साक्षीदार नेमले तेव्हा विमानांच्या चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. भोगल्यांच्या वाट्याला दूधगाडी आली, मंडळी पोट धरून हसली. नियम सोपा होता. भिंतीजवळच्या पिवळ्या गोलात उभं राहायचं, चाकं टेकताना फोटो घ्यायचा, पाठवताना 'मी गोलात उभा होतो' या वाक्यासमोर खूण करायची. सात दिवस भोगल्यांनी हे इमानेइतबारे केलं. आठव्या दिवशी विमानतळाच्या पूर्व फाटकाशी विमानं रंगवण्याचा कारखाना सुरू झाला.

आता ज्यांचं नावही ऐकलं नव्हतं अशा देशांतली विमानं सावरगडला यायला लागली. जुना रंग खरवडलेली, शेपटीवर अर्धाच पक्षी उरलेली, नवी कोरी. ती यायची पाचच्या सुमारास, आणि पूर्व फाटक पिवळ्या गोलापासून तीन किलोमीटरवर. एका वेळी दोन्हीकडे उभं राहणं आरेखकालाही जमत नाही. त्या दिवशी भोगले पूर्व फाटकावर गेले आणि घरी येऊन त्यांनी आदल्या दिवशीची दूधगाडी पुन्हा पाठवली. एका दिवसात पंख काय म्हातारा होतोय?

पण हा माणूस कसबी होता, आळशी नव्हता. तोच फोटो दोनदा पाठवला तर यंत्र ओळखणार, हे त्यांना कळत होतं. म्हणून ते पूर्व फाटकावरून त्या त्या दिवसाचं आकाश टिपून आणत. संस्थेच्या नोंदींतून पहिल्या सात दिवसांतली एक दूधगाडी उचलायची, आजच्या आकाशावर बसवायची, आजच्या उन्हाप्रमाणे तिचं अंग उजळायचं, सावली जुळवायची. रोजचा पाऊण तास जायचा त्यात. पंखाला त्यांनी कधी हात लावला नाही, याचा त्यांना अभिमानही होता. आकाश तर रोज खरंच असतं, असं ते मनाशी म्हणत. चारशे पाच वेळा त्यांनी हे केलं, चारशे पाच वेळा गोलात उभं असल्याची खूण केली, आणि पाठवून झाल्यावर जुन्या सवयीनं सगळं पुसून टाकलं. दूधगाडीचे फोटो कोण संग्रहात ठेवतो?

शनिवारी सकाळी त्यांची मुलगी शर्वाणी बॅग भरत होती. ती भूलतज्ज्ञ. नागपूरच्या एका रुग्णालयात चार दिवस काम, तीन दिवस सावरगडला. दर रविवारी संध्याकाळी ती दूधगाडीनंच जायची.

"बाबा, शाल दाखवा की," ती म्हणाली. "आमच्याकडे सगळ्यांना सांगितलंय मी. म्हटलं, आमच्या विमानाची नाडी माझे वडील बघतात. बिनधास्त बसा."

भोगल्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. सात फोटोंपासून शालीपर्यंत. काही गाळलं नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही.

शर्वाणीनं विचारलं, "मी गेले चौदा महिने त्यातून जातेय. तुम्हाला एकदाही वाटलं नाही?"

"विमानं पडत नाहीत, असं वाटायचं."

"का पडत नाहीत, बाबा?"

भोगल्यांना उत्तर माहीत होतं. कुणीतरी रोज बघतं म्हणून पडत नाहीत.

"तू उद्या जाऊ नकोस," ते म्हणाले. "बसनं जा. शपथ आहे तुला."

"मी जाईन बसनं. आणि बाकीचे एकोणसत्तर? त्यांना कोण शपथ घालणार?" तिनं फोन उचलून त्यांच्यासमोर ठेवला. "लावा तुमच्या बाईंना. आत्ता, माझ्यासमोर."

दाबकेबाईंनी ऐकून घेतलं.

"मी तीन माणसं बसवलीत हो त्या धातूवर," शेवटी त्या म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता. "काय केलंत हे."

"मला शिक्षा द्या, मॅडम. पण आधी ते विमान उभं करा."

"मला नाही करता येत. माझा शब्द चालत नाही, मीच ठरवलंय तसं. तुमचे फोटोही काढता येत नाहीत. मोहोर आहे त्यांच्यावर. एकच वाट आहे. उद्या गोलात उभं राहा आणि खरा फोटो पाठवा. यंत्रानं स्वतः लाल दाखवलं, तर पाच पंचावन्नचं उड्डाण तिथल्या तिथे थांबतं. चोवीस तासांत पंख उघडतो."

रविवारी भोगले चार वाजताच पिवळ्या गोलात जाऊन उभे राहिले. गोलाचा रंग उडाला होता आणि त्यात गवत उगवलं होतं. ऊन स्वच्छ होतं, वारा नव्हता. पाच दहाला दूधगाडी आली.

चौदा महिन्यांत पहिल्यांदाच ते तिच्याकडे नीट बघत होते. चाकं टेकली, पंखाचं टोक खाली आलं, आणि खाली येतच राहिलं. पुलांचे नकाशे काढलेल्या माणसाला वाकलेली तुळई मोजपट्टीशिवाय कळते. जुन्या सात फोटोंपेक्षा टोक वीतभर खाली गेलं होतं आणि परत वर यायला त्यानं वेळ घेतला होता. भोगल्यांचा हात हलला नाही. अकरा फोटो मिळाले, एकाहून एक स्पष्ट. त्यांनी ते तिथूनच पाठवले.

पाच अठराला उत्तर आलं. थकवामापकाची भाषा सरकारी आणि गोड होती.

'आपण पाठवलेली अकराही छायाचित्रं आपल्या पूर्वीच्या मालिकेशी जुळत नाहीत. कॅमेरा तिरका धरला गेला असावा. छायाचित्रं बाजूला ठेवली आहेत. विमानाची स्थिती: उत्तम. आपलं चौदा महिन्यांचं निर्दोष काम लक्षात घेऊन ही चूक आपल्या नावावर धरलेली नाही.'

त्यांनी पुन्हा पाठवले. पुन्हा तेच उत्तर. बाईंना फोन लावला.

"दिसतंय मला," दाबकेबाई म्हणाल्या. "तुमची मालिका इतकी एकसारखी आहे की त्याला आता केसाएवढाही फरक खपत नाही. वीतभर फरक म्हणजे त्याच्या दृष्टीनं पंख वाकलेला नाही, तुमचा हात वाकलाय. चारशे बारा साक्षी एका बाजूला, अकरा दुसऱ्या बाजूला. मी तरी काय निकाल दिला असता?"

पाच पंचावन्नला दूधगाडी उडाली. भिंतवाले भडंग खात होते. त्यांच्यातल्या एकानं हात केला आणि विचारलं, "काय भोगले, आज दूधगाडीची हौस?" भोगले गोलात तसेच उभे होते. नागपूरला विमान उतरल्याची बातमी येईपर्यंत ते घरी गेले नाहीत. ते नीट उतरलं. दुसऱ्या दिवशीही नीट उतरलं. पंख कोणत्या दिवशी मोडणार हे पंख सांगत नाही, आणि ज्यानं सांगायचं त्याचं तोंड भोगल्यांनीच शिवलं होतं.

दाबकेबाईंनी तक्रार नोंदवली आणि तीन जणांची समिती बसली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, सज्जन आणि सावकाश बोलणारे.

"भोगले, तुम्ही म्हणता की एकेका खोट्या फोटोला पाऊण तास लागायचा. आणि खरा फोटो काढायला?"

"अर्धं मिनिट."

"मग अर्ध्या मिनिटाचं काम टाळायला माणूस रोज पाऊण तास खर्च करेल, हे आम्ही कसं मानावं?"

"साहेब, मला ते विमान बघायचा कंटाळा आला होता."

समितीतले दोघे एकमेकांकडे बघून हसले. तिसऱ्यानं भोगल्यांच्या डोळ्यांचा अहवाल पुढे ओढला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.

"तुमच्याकडे मूळ फोटो असतील ना? ज्यांवरून जोडकाम केलंत ते?" अध्यक्षांनी विचारलं.

"पुसून टाकले. देखणे नव्हते."

मग भोगल्यांनी शेवटचा प्रयत्न केला. त्यांनी संस्थेकडच्या प्रतीतून दूधगाडी उचलली, खिडकीतून त्या दिवशीचं आकाश टिपलं आणि समितीसमोर बसून, सगळं समजावत, एक फोटो तयार केला. काम नेहमीसारखंच चोख झालं. तो पाठवला. थकवामापकानं क्षणात उत्तर दिलं: 'छायाचित्र स्वीकारलं. विमानाची स्थिती: उत्तम.'

"बघितलंत?" दाबकेबाई म्हणाल्या. "आता तरी?"

अध्यक्षांनी चष्मा काढला. "असा फोटो बनवता येतो, हे सिद्ध झालं. तसे चारशे पाच बनवले होते, हे सिद्ध झालं नाही. उलट यंत्रानं आज जे स्वीकारलं ते आधीच्या खऱ्या मालिकेशी तंतोतंत जुळतं, म्हणजे मालिका बरोबरच आहे." त्यांच्या बोलण्यात कुठेही लबाडी नव्हती. समितीतला तिसरा सदस्य मात्र भोगल्यांनी काम कसं केलं ते टिपून घेत होता. त्यानं दोन प्रश्नही विचारले, सावली कशी जुळवता आणि उन्हाचा रंग कशावरून ठरवता. भोगल्यांनी सविस्तर सांगितलं. शेवटी कुणीतरी आपल्यावर विश्वास ठेवतंय असं त्यांना वाटलं.

त्यानंतर भोगले रोज गोलात उभे राहिले. पाऊस असो, ताप असो. शर्वाणी बसनं जात होती आणि फोनवर एवढंच विचारायची, "आज?" ते म्हणायचे, "नाही घेतला." पंखाचं टोक दर आठवड्याला थोडं थोडं खाली जाताना त्यांना दिसत होतं. प्रवाशांना फाटकात गाठून सांगायचा प्रयत्नही त्यांनी केला. दोघातिघांनी ऐकलं, फोनवर विमानाची स्थिती बघितली, ती उत्तम होती. एका बाईनं त्यांच्या हातावर लाडू ठेवला. मग सुरक्षारक्षकांनी त्यांना भिंतीजवळ यायची बंदी केली. ते पलीकडच्या शेताच्या बांधावर उभे राहायला लागले.

तीस दिवसांचे फोटो नाकारले गेल्यावर संस्थेचं पत्र आलं. दाबकेबाईंनी आठवडाभर आधी राजीनामा दिला होता, सही दुसऱ्याच कुणाची होती. प्रकृतीमुळे भोगल्यांना साक्षीदाराच्या कामातून मोकळं करण्यात येत आहे. त्यांच्या सेवेबद्दल संस्था ऋणी आहे. साक्षीदार आजारी असला, गावाला गेला, वृद्ध झाला, तर मालिकेत खंड पडतो, ही देशभरातली अडचण होती. समितीसमोर त्यांनीच दाखवलेल्या पद्धतीमुळे ती आता सुटली आहे. यापुढे रिकाम्या दिवसांची चित्रं थकवामापक स्वतःच भरून काढील. पहिला प्रयोग अर्थातच सर्वांत विश्वासार्ह मालिकेवर करण्यात येत आहे.

भोगल्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग संस्थेच्या नोंदी उघडल्या आणि आरडीकेवर बोट ठेवलं.

आजचा फोटो लागलेला होता. पाच दहा झाले नव्हते, विमान अजून नागपूरहून यायचं होतं. तरीही पडद्यावर दूधगाडीची चाकं धावपट्टीला टेकलेली होती. तिचा पंख सव्वा वर्षापूर्वीचा, तरुण. मागे आजचंच आकाश होतं, पश्चिमेच्या त्या दोन ढगांसकट, आणि सावली त्यांनी कधी जुळवली नव्हती इतकी सुरेख जुळली होती. भोगले खिडकीपाशी गेले, ढग ताडून पाहिले, परत आले. विमानाची स्थिती: उत्तम. त्याखाली लिहिलं होतं, साक्षीदार: अ. ना. भोगले, पिवळ्या गोलातून.